क्रूसावरच्या मुंग्या

धाकट्या दिराचं सगळं थोरलीनं आजवर पोटात घातलं होतं. त्याचा आळस, त्याच्या थापा, कामाच्या ऐन घाईत उसळणारं त्याचं कंबरेचं दुखणं, सगळं. पण गेल्या महिन्याभरापासून तो हळू आवाजात बोलायला लागला होता, आणि ते मात्र तिला सोसवेना.

जन्मभर हा माणूस ओरडून बोललेला. कारखान्यात त्यानं चहा मागितला तरी रस्त्यापलीकडच्या शिंप्याला कळायचं. आणि आता? "वहिनी... जरा मीठ..." असं तो जेवताना इतक्या हलक्यानं म्हणायचा, की मीठच आजारी आहे असं वाटावं. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हात पोटावर.

"भावजी, घसा बसलाय की अक्कल?" तिनं एकदा विचारलंच.

"ज्यानं ते अश्रू इतक्या जवळून पाहिले, वहिनी, त्याचा आवाज आपोआप खाली येतो."

"त्या क्रूसाला तीन आठवडे रंधा मी मारलाय. माझा नाही आला खाली."

यावर तो नुसता हसला. क्षमा केल्यासारखा. ते हसू थोरलीला शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

पण घराबाहेर त्या हसण्याला भाव होता. रविवारी सकाळी नव्या चर्चच्या फाटकापासून निघालेली रांग छापखान्याचा कोपरा वळून पार औषधांच्या दुकानापर्यंत जायची. हातात बाटल्या, कापूस, रुमाल. कुणी कडेवर मूल घेतलेलं, कुणी आंधळ्या बापाचा हात धरलेला. औषधांचा दुकानदार दारात उभा राहून रांगेकडे बघायचा, आणि रांग त्याच्या दुकानाकडे पाठ करून उभी असायची.

आत, वेदीच्या मागे, भिंतीपासून हातभर पुढे बसवलेला तो क्रूस. पुरुषभर उंचीचा, जुन्या लाकडाचा, मधासारख्या रंगाचा. त्याच्या आडव्या हातावर एक गाठ होती, माणसाच्या डोळ्याएवढी. त्या गाठीतून थेंब यायचे.

"पुढे सरका, पण मन मागे ठेवू नका!" दीर पांढरा सदरा घालून वेदीच्या पायरीवर उभा असायचा. "ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी बाहेरच थांबा. शंकेची धग लागली की अश्रू आटतात! प्रभू एकांतात रडत नाही, मंडळी. लेकरं जमली की त्याला गहिवर येतो. तेजोवलय लावा!"

तेजोवलय म्हणजे क्रूसाच्या मागे दिरानंच बसवून घेतलेला मोठा दिवा. बटण दाबलं की क्रूसाच्या चारी बाजूंनी पिवळा उजेड फाकायचा आणि बायका हात जोडायच्या. मग दोन गाणी व्हायची. दुसरं गाणं संपता संपता गाठीखाली काहीतरी चमकायचं, फुगायचं, आणि ओघळायचं.

"आला! आला!" अख्खा हॉल हुंदका द्यायचा.

एक, दोन, तीन. कधी सहा, कधी सात. दीर ते थेंब कापसानं टिपायचा, कापूस पाण्याच्या पिंपात बुडवायचा आणि ते पाणी लोकांच्या बाटल्यांत भरलं जायचं. सात थेंबांत पिंप पवित्र व्हायचं. थेंब जर एवढे जालीम, तर एखादा नदीत टाकून सगळ्यांची एकदम सोय का करत नाही, असं विचारायला पाहिजे होतं. पण विचारणारा फाटकाबाहेर थांबवलेला होता ना!

मागच्या रविवारी तर नवीनच झालं. एक बाई ओरडली, "बघा, बघा! मुंग्या!" खरंच, जमिनीपासून क्रूसाच्या हातापर्यंत मुंग्यांची बारीक काळी ओळ चढत होती.

दीर क्षणभर गडबडला. पण क्षणभरच. "पाहिलंत?" त्यानं आवाज आणखी खाली नेला. "किडामुंगीलासुद्धा ओढ लागली. माणूसच तेवढा मागे!"

लोकांनी मुंग्यांनाही हात जोडले.

थोरली सर्वांत मागच्या बाकावर बसून हे बघत होती. ती बोलली नाही. का बोलली नाही, हे सांगायचं तर तिचीच एक चूक सांगावी लागेल, आणि चूक सांगायची तिला सवय नव्हती.

सुतारांच्या त्या घरात ती सून म्हणून आली तेव्हा हा दीर दहा वर्षांचा होता. त्याचं नाक तिनं पुसलेलं. शाळा तिची तिसरीत सुटली. अजूनही सही करताना तिची जीभ दातांत यायची. पण फळीवरून तळहात फिरवला की केसभर उंचवटा कुठं आहे, ते ती डोळे मिटून सांगायची. नवरा गेल्यावर कारखाना तिनंच चालवला. दीर गिऱ्हाइकांशी बोलायचा, त्याला तेवढंच यायचं. कामगार त्याला पाठीमागे 'मधाचं बोट' म्हणत. त्यानं एकदा ते लावलं की गिऱ्हाईक महिनाभर चाटत बसायचं आणि कपाट अजून तयार नाही हे विसरायचं.

जुन्या चर्चच्या भिंतीला उभी चीर गेली आणि ते पाडायचं ठरलं, तेव्हा ठेकेदार लाकूड जळणात काढणार होता. थोरली ढिगाऱ्यावर जाऊन उभी राहिली. "नव्वद वर्षं ह्या लाकडानं आपल्या डोक्यावर छप्पर धरलंय. आज त्याच्यावर तुम्ही अंघोळीचं पाणी तापवणार?" तिनं एकेक तुळई, एकेक बाक मोजून कारखान्यात आणलं. बाकांच्या फळ्यांतून नव्या चर्चचे दरवाजे झाले. रंगीत काचांचे तुकडे जुळवून खिडक्या झाल्या. आणि वेदीच्या बरोबर वर असलेल्या पाईनच्या तुळईतून तिनं स्वतः क्रूस काढला. त्या तुळईखाली तिचं लग्न लागलं होतं. त्या तुळईखाली नवऱ्याची शवपेटी ठेवली होती. आपल्या हातून एवढं एक काम असं व्हावं की आपण गेल्यावरही लोकांनी त्याला हात लावावा, एवढीच तिची इच्छा.

हात लावावा. म्हणूनच तर चूक झाली.

कारखान्यातला म्हातारा मिस्त्री म्हणाला होता, "बाई, पाईन आहे. गाठीवर लाखेच्या चपड्याचे दोन हात मारून बंद करा. नाहीतर ऊब लागली की राळ सुटेल."

"नव्वद वर्षांच्या लाकडाला कसली राळ सुटतेय? मिस्त्री, तुम्हाला सुटली असेल. चपडा मारला की लाकूड काचेसारखं होतं. लोकांच्या बोटांना लाकूड लागलं पाहिजे."

मिस्त्री पुन्हा कामाला लागला. बाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या कारखान्यात अजून जन्माला यायचा होता.

आणि राळ सुटली! लाकूड जुनं होतं, पण करवतीनं आणि रंध्यानं त्याचं पोट नव्यानं उघडलं होतं. मागे दिवा लागला, लाकूड तापलं, आणि पहिल्याच रविवारी गाठीतून पिवळट थेंब ओघळला. कुणीतरी किंचाळलं, "क्रूस रडतोय!"

थोरलीला तिथल्या तिथे कळलं. उठून एवढंच म्हणायचं होतं, 'थांबा, ती राळ आहे, माझ्याकडून चपडा मारायचा राहिला.' पण मागच्या बाकावर मिस्त्री बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं छताकडे पाहिलं, आणि ती बसून राहिली. चार दिवसांत राळ संपेल, लोक विसरतील, असं तिनं स्वतःला समजावलं.

राळ संपायला हवी होती. पण थेंब काही थांबेनात.

शनिवारी दुपारी ती जावेच्या खोलीत गेली. धाकटी जाऊ, म्हणजे ह्याच दिराची बायको, साध्या मनाची. नवऱ्यानं सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं तर हिनं पलंग फिरवून घेतला असता. तिला बारा वर्षांपासून साखरेचा आजार. रोज दोनदा इन्सुलिनची सुई. दोन महिन्यांपूर्वी तळपायाला खिळा लागला, जखम चिघळली, आणि दवाखान्यातली डॉक्टरीणबाई एक दिवसाआड पट्टी करायला लागली.

जाऊ पलंगावर बसली होती. पाय खाली सोडलेला, त्याला रुमाल बांधलेला. पलंगाच्या पायावरून मुंग्यांची ओळ वर चढत होती. थोरलीच्या डोळ्यांनी ती ओळ धरली आणि सोडली नाही. गादीची कड. चादर. रुमाल.

"पाय दाखव."

"बरा आहे, आक्का."

"पाय दाखव म्हटलं ना!"

रुमाल चिकट झाला होता, सुटता सुटेना. आत पट्टी नव्हतीच. जखमेच्या कडा काळ्या पडलेल्या, करंगळीशेजारचं बोट निळं, आणि त्या सगळ्यावर मुंग्या. जावेला त्या जाणवतही नव्हत्या. पायाचं भान कधीच गेलं होतं.

थोरलीनं ओल्या फडक्यानं मुंग्या पुसल्या. "दवाखान्यात कधी गेली होतीस?"

"तीन आठवडे झाले."

"आणि सुई?"

जाऊ खाली बघायला लागली. "ती पण सोडली. एकीकडे अश्रू लावायचे आणि दुसरीकडे सुई टोचायची, म्हणजे विश्वास अर्धाच की नाही?"

"भावजींनी सांगितलं तुला हे?"

"नाही हो! त्यांना माहीतसुद्धा नाही. ते म्हणतात, अश्रू लोकांचे आहेत, घरच्यांनी हावरटपणा करायचा नाही. म्हणून मी गुपचूप घेते. कपाटात त्यांच्या सदऱ्यांच्या मागे बाटली आहे. साठवून ठेवलेत त्यांनी." ती हसली, चोरून लाडू खाल्लेल्या मुलीसारखी. "आक्का, रागावू नका. क्रूस तुमच्या हातचा आहे ना. तुमच्या हाताला यश आहे, सगळे म्हणतात."

थोरलीनं कपाट उघडलं. सदऱ्यांच्या मागे काचेची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. दिवसाला सहा-सात थेंब, तेही फक्त उपासनेच्या दिवशी, आणि ते पुन्हा कापसानं टिपून पिंपात! मग बाटली भरली कशानं? तिसरी शिकलेल्या बाईलाही एवढा हिशेब येतो.

तिनं झाकण काढून वास घेतला. पाईनच्या राळेचा वास नाकात घुसतो, डोक्यात राहतो. ह्याला वासच नव्हता. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. राळ कडू असते, दिवसभर तोंडातून जात नाही.

हे गोड होतं. साखरेचा पातळ पाक.

साखरेनं आजारी असलेल्या बाईच्या जखमेवर तीन आठवडे साखर!

"ऊठ. दवाखान्यात चल."

"नको, आक्का."

"अगं, हा पाक आहे! चाखून बघ!"

"देवाचे अश्रू गोड का नसावेत?" जाऊ शांतपणे म्हणाली. "उद्या मी सगळ्यांसमोर साक्ष देणार आहे. त्यांना पण तेव्हाच कळू दे. मग कुणाला शंका राहणार नाही. आज गेले तर देवाला काय वाटेल?"

थोरलीनं शेवटी डॉक्टरीणबाईलाच घरी आणलं. तिनं जखम धुतली, पट्टी बांधली, सुई दिली आणि बाहेर येऊन सांगितलं, "पाय काळा पडत वर चाललाय. उद्या दुपारच्या आत दाखल करा. बोट जाईल बहुतेक. उशीर केलात तर पाय जाईल, आणि आणखी उशीर केलात तर मला विचारू नका. मी सांगून दमले, ती ऐकत नाही. उचलून न्या."

"उचलून नेली तर तिथूनही पळून येईल," थोरली म्हणाली. "हिचा पाय क्रूसाला बांधलाय. आधी तिथून सोडवावा लागेल."

त्याच संध्याकाळी ती कारखान्यात गेली. मिस्त्री पटाशीला धार लावत होता.

"मिस्त्री, क्रूसाच्या तुळईत मागून जुन्या बोल्टाचं भोक होतं. आपण काय केलं त्याचं?"

"तुम्हीच म्हणालात, पुढे दिसत नाही तर राहू दे पोकळ. मागून फळी लावली."

"गाठीच्या किती जवळ?"

मिस्त्रीनं दोन बोटं जोडून दाखवली.

"बाई," मिस्त्री हळूच म्हणाला, "चपड्याचं मी कुणाला बोललो नाही."

"उद्या मी बोलणार आहे. ती पटाशी द्या इकडे."

रविवारी हॉल खच्चून भरला होता. जाऊ पहिल्या बाकावर, पाय स्टुलावर, डॉक्टरीणबाईची पट्टी सोडून त्याला पुन्हा रुमाल बांधलेला, अंगात ठेवणीतली साडी. दीर पायरीवर उभा. बायकोचा बांधलेला पाय त्याला दिसत होता. गेले दोन महिने तो बांधलेलाच होता, त्यामुळे तो पाहायचं त्यानं सोडून दिलं होतं.

थोरली मधल्या वाटेनं सरळ पुढे गेली. मागे मिस्त्री, खांद्यावर शिडी.

"वहिनी," दीर कुजबुजला, "रांगेनं यावं."

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती फादरसमोर उभी राहिली. फादर तरुण होता, भला होता. क्रूस एकदा तपासून घेऊ, असं त्यानं दोनदा सुचवलं होतं आणि दोन्ही वेळा चर्चच्या समितीनं त्याला देवाचं भय घातलं होतं.

"फादर, हा क्रूस माझ्या कारखान्यातून आला. केलेल्या कामात खोट निघाली तर ती बघायचा हक्क कुणाचा?"

फादरनं समितीकडे पाहिलं, क्रूसाकडे पाहिलं. "करणाऱ्याचा," तो म्हणाला. बरंच मोठ्यानं म्हणाला.

"मग आज मागचा दिवा लावू नका. बाकी सगळं रोजच्यासारखं."

गाणी सुरू झाली. एक झालं, दोन झाली. चार झाली. गाणाऱ्यांचे घसे सुकले, गाठही सुकीच. लोक चुळबुळायला लागले.

"शंका!" दिरानं हात वर केला. "आज हॉलमध्ये शंका आली आहे!"

"आलीय की. मीच आणलीय, पिशवीत घालून," थोरली म्हणाली. "आता दिवा लावा. आणि हे बघा, मी बाहेर जात नाही. माझी शंकाही जात नाही. आम्ही दोघी इथंच बसतो."

दिवा लागला. पहिलं गाणं. दुसरं गाणं. गाठीखाली काहीतरी चमकलं, फुगलं, आणि टपकन ओघळलं.

"आला!" कुणीतरी सवयीनं ओरडलं, आणि मग सगळ्यांच्या माना वळल्या. कारण शंका तर तिथंच, पहिल्या बाकाच्या टोकाला, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"माणसं तीच, गाणी तीच, शंका तीच," थोरली उठली. "बदललं काय? बटण! हा गहिवर देवाला येत नाही, दिव्याला येतो. मिस्त्री, शिडी लावा."

"कुणी हात लावायचा नाही!" दीर ओरडला, त्याच्या खऱ्या, जुन्या आवाजात. छापखान्यापर्यंत गेला असेल. "खाली उतरा! पवित्र वस्तू आहे ती!"

"बघा, घसा सुटला," थोरली शिडीवरून म्हणाली. "हा पहिला खरा चमत्कार."

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं हॉलमधली भीती फाटली.

दिवा बंद करून तिनं क्रूसाच्या मागच्या फळीत पटाशी घातली. खिळे नवे होते. तिच्या कारखान्यात असले खिळे वापरत नसत. फळी निघाली. तिनं पोकळीत हात घातला आणि एक लहानशी काचेची कुपी बाहेर काढली, अंगठ्याएवढी. कुपी उलटी बसवलेली, तिच्या रबरी बुचातून सुई घातलेली, आणि सुईचं टोक बारीक भोकातून थेट गाठीखाली निघालेलं.

तिनं ती उंच धरली, मागच्यांनाही दिसेल अशी. "अर्धी कुपी पाक, अर्धी हवा. मागे दिवा लागला की हवा तापते. तापली की फुगते. फुगली की पाकाला ढकलते, आणि सुईतून थेंब बाहेर. सात थेंब झाले की हवेचा जोर संपला. मग तुम्ही घरी, आणि भावजी शिडीवर, पुढच्या वेळचा पाक भरायला. मुंग्या कशाला येत होत्या, आता सांगायला नको. मुंगीला दर्शन कळत नाही, साखर कळते."

पहिल्या बाकावर जाऊ उभी राहू बघत होती. "आक्का, ती कुपी..." तिनं बोट दाखवलं. "ती माझी आहे. माझ्या इन्सुलिनची. त्यावर मी लाल पेनानं खूण करते."

लाल खूण होती.

दीर बायकोकडे बघत राहिला. आता पहिल्यांदाच त्याची नजर तिच्या पायावर गेली. रुमालाखालून काळा-निळा रंग घोट्याकडे चढला होता. "हे काय? पट्टी कुठाय?"

"तुमच्या बाटलीतले अश्रू लावत होते," ती म्हणाली. "सुई पण सोडली होती. मला वाटलं..."

मग मागून कुणीतरी पुरुष गरजला, "मारा त्याला!" दोन-तीन जण उठले.

"बसा खाली!" थोरली शिडीवरूनच कडाडली. "त्यांना मारून तुम्ही तुमची लाज धुऊन घेणार? आधी माझी चूक ऐका. पहिला थेंब खरा होता. ती राळ होती. मिस्त्रींनी मला सांगितलं होतं, गाठीला चपडा मारा. मी माज केला, मारला नाही. थेंब आला तेव्हा मला माहीत होतं, आणि मी तोंड शिवून बसले, लोक माझ्या कामाला नावं ठेवतील म्हणून. ह्यांनी खोटं उभं केलं ते माझ्या गप्प बसण्यावर. आता मला काय म्हणायचं ते म्हणा."

उठलेले खाली बसले. मिस्त्री शिडी घट्ट धरून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"आणि तुम्हाला सांगते. शंका आली की अश्रू आटतात म्हणे! अहो, फळीचा कोपरा काटकोनात आहे का हे बघायला मी गुण्या लावते, तेव्हा फळीचा अपमान करते का? जो सुतार म्हणतो माझ्या कामाला गुण्या लावू नका, त्याचा सांधा कच्चा असतो, डोळे मिटून समजा. देवाचं म्हणून काही दाखवतील, तर दिवा बंद करून बघा, मागे जाऊन बघा, चाखून बघा. खरं असेल त्याला धक्का लागत नाही. आणि जखम झाली तर डॉक्टरकडे जा. तिथं रांग लावा."

तिनं क्रूसाच्या आडव्या हातावर तळवा ठेवला.

"ह्या तुळईखाली माझं लग्न लागलं. हिच्याखाली माझ्या नवऱ्याची पेटी ठेवली, मी फोडून रडले, आणि हिनं एक थेंब गाळला नाही. गाळायचा तर तेव्हा गाळायचा होता की! तिनं छप्पर धरून ठेवलं. तिचं काम तेच होतं. त्यासाठी मी तिला ढिगाऱ्यातून उचलून आणली, रडवायला नाही. उद्या मी येऊन गाठीला चपडा मारणार आहे. ज्याला क्रूस रडल्याशिवाय देव दिसत नाही, त्यानं येऊ नये. बाकीच्यांनी यावं, हात लावून बघावा. लाकूड आहे. चांगलं लाकूड आहे."

ती उतरली. डॉक्टरीणबाईची गाडी फाटकाशी उभी होती. थोरलीनं सकाळीच निरोप धाडला होता. जाऊ बाकावर तोंड झाकून बसली होती. थोरलीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चल, पोरी." या वेळी जावेनं नाही म्हटलं नाही. दिरानं पुढे होऊन तिला उचललं. तो उचलताना अडखळला, पण कंबरेचं नाव त्यानं काढलं नाही.

लोकांनी वाट दिली. फाटकाशी त्यानं बायकोला गाडीत बसवलं आणि थोरलीकडे वळला. मान पुन्हा एका बाजूला कलली, आवाज पुन्हा तळाशी गेला. "वहिनी... प्रभूची इच्छा असेल तर पाय वाचेल."

चाळीस वर्षं थोरलीनं ह्या माणसाला भावजी म्हटलं होतं, अहो-जाहो केलं होतं. नाक पुसतानासुद्धा.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "महिनाभर कुजबुजलास, तेवढं पुरे. आणि नीट ऐक, सगळ्यांसमोर सांगते. तिचा पाय वाचला, तर तो त्या डॉक्टरीणबाईच्या हातानं वाचला. गेला, तर तुझ्या हातानं गेला, आणि थोडा माझ्या. तू तिच्या उशाशी बसायचंस, रोज दोन वेळा सुई तू द्यायचीस, आणि ती विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचंस. पण पुन्हा आपल्या केलेल्याचं ओझं देवाच्या खांद्यावर टाकलंस, तर ह्या घराचं दार तुला बंद. जा, बस गाडीत."